कोंडा कोणाचा?

‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हे शब्द कानावर पडले की मुंबई-पुण्याचा माणूस खुर्ची सरसावून बसतो. गोंदियाचा माणूस जांभई देतो. ही भागीदारी त्याच्या रस्त्यावरून रोज ट्रकनं जाते आणि वर धूळही उडवते. धान सरकारचं, गिरणी शेठची. मार्केटिंग फेडरेशन नाहीतर आदिवासी विकास महामंडळ हमीभावानं धान घेतं, गिरणीवाला ते भरडून तांदूळ परत करतो, तांदूळ रेशनच्या दुकानात जातो. स्लाइड नको, दीपप्रज्वलन नको, ‘इकोसिस्टीम’ हा शब्द तर मुळीच नको.

या कारभाराला नावं ठेवायला भरपूर जागा आहे आणि आम्ही गोंदियाकर ती वाया जाऊ देत नाही. पण एक गोष्ट त्यात चोख आहे. एका क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत. उष्णा, म्हणजे उकडा, असेल तर ६८. धान ओलं होतं, वीज गेली होती, पट्टा तुटला होता, या सबबी ऐकून घेतल्या जातात, पण आकडा हलत नाही. उरलेल्या ३३ किलोंत भुसा, कोंडा, कनकी. ते गिरणीवाल्याचं. भरडाईचा दर परवडत नाही म्हणून गिरणीवाले हंगामाच्या तोंडावर रुसून बसतात, तरी गिरण्या चालतातच. कारण कोंडा बोलत नाही, पण कमावतो. त्याचं तेल निघतं आणि ‘हृदयाला हितकर’ असं लेबल लावून आमच्याच किराणा दुकानात परत येतं.

तर ६७ हा आकडा डोक्यात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आता संशोधनाच्या गिरणीकडे येऊ. २०२३ साली संसदेनं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनावर. आकडा ऐकून टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर कुणीतरी तपशील वाचला : त्यातले ३६,००० कोटी उद्योगांकडून, दानशूरांकडून वगैरे येणं अपेक्षित आहे. ‘अपेक्षित’ हा शब्द इथं फार कष्ट करतो. लग्नात किती आहेर येईल याचा अंदाज बांधून मांडव, घोडा आणि कॅटरर ठरवणारे बाप आमच्याकडेही आहेत. त्यांना आम्ही दूरदृष्टीचे म्हणत नाही. या देशात संशोधनावरचा एकूण खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, आणि त्यातही मोठा वाटा सरकारचाच. उद्योग आजवर मांडवाबाहेर उभे राहून जेवण कधी वाढणार एवढंच विचारत होते. मग २०२५ च्या जुलैत केंद्रानं आणखी एक लाख कोटींची योजना मंजूर केली : खासगी क्षेत्रानं संशोधन करावं म्हणून त्याला स्वस्त, लांब मुदतीचा पैसा. म्हणजे आहेर येईना, तेव्हा पाहुण्यांनाच पाकिटात घालायला पैसे उसने दिले. माझी तक्रार नाही. कधीकधी लग्नं अशीच लागतात.

तक्रार पुढे आहे. तिच्यासाठी आधी माकडांकडे जावं लागेल.

कोव्हॅक्सिन ही भारतातली सर्वांत गाजलेली आरोग्य-भागीदारी. विषाणू वेगळा केला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, म्हणजे आयसीएमआरनं, म्हणजे तुमच्या-माझ्या करानं. लस बनवली हैदराबादच्या भारत बायोटेकनं. मधे अडलं ते माकडांवर. माणसाला टोचण्याआधी रीसस माकडांना टोचून बघायचं होतं आणि टाळेबंदीत शहरातली माकडं खायला मिळेना म्हणून रानात निघून गेली होती. आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात हे सांगितलंय. महाराष्ट्राच्या वन खात्यानं जंगलं धुंडाळली आणि माकडं सापडली ती नागपूरजवळ. वीस. देशाच्या लशीत विदर्भाचं भागभांडवल किती, असं कुणी विचारलं तर आता आकडा सांगता येतो.

करारात सरकारचा वाटा होता : विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी. हा त्यातल्या त्यात ‘६७’चा भाऊ. लिहिलेला होता, म्हणून मिळाला. आयसीएमआरच्या खात्यात दीडशे कोटींच्या वर रक्कम आली. पण किमतीबद्दल असं काही आधी ठरलेलं कुणाला दिसलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये, माणसं खाटा शोधत फिरत होती त्या आठवड्यात, दर जाहीर झाले. केंद्राला १५० रुपये, राज्यांना ६००, खासगी दवाखान्यांना १,२००. ओरड झाल्यावर राज्यांचा दर ४०० झाला. तीच बाटली, तोच विषाणू, आणि भाव विचारणाऱ्याचं तोंड बघून. बाजारात भाजीवाला असं करतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो ते छापता येत नाही.

पुढची गंमत कागदावरची आहे. लशीच्या पेटंटच्या अर्जात कंपनीनं आयसीएमआरचं नावच घातलं नव्हतं. २०२४ च्या जूनमध्ये हे बाहेर आल्यावर ते अनवधानानं राहिलं असा खुलासा झाला आणि नाव जोडण्याची प्रक्रिया सुरू झाली. ज्यानं सातबाऱ्यावरून भावाचं नाव ‘अनवधानानं’ गळताना पाहिलंय, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. फेरफार झाला, बरं झालं. माकडांचं नाव अजून कुठेही लागलेलं नाही. त्यांनी अर्जही केला नसावा.

आता तापाकडे. आमच्या जिल्ह्याचा आणि मलेरियाचा संबंध असा आहे की वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव. धानाच्या बांध्या, बोड्या, मालगुजारी तलाव, त्यापलीकडे जंगल. पावसाळ्यात ताप आला की घरातली म्हातारी डॉक्टरच्या आधी नाव सांगते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून आम्हाला वेगळं काढलं आणि गोंदिया जिल्हा झाला. त्याच वर्षी, ३ नोव्हेंबरला, जिनिव्हात ‘मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर’ नावाची संस्था जन्मली. एकाच सालची दोन लेकरं. एक धानाच्या कोठारात, दुसरं बँकांच्या शहरात. जिनिव्हातल्या लेकराचं काम सांगायला सोपं आहे. मलेरिया गरिबाला होतो, गरिबाच्या खिशात पैसा नाही, म्हणून औषध कंपन्यांना मलेरियात रस नाही. तेव्हा सरकारांचा आणि दात्यांचा पैसा एकत्र करायचा, कंपन्यांच्या प्रयोगशाळा वापरायच्या आणि बाजाराला नको असलेलं औषध बाजारात आणायचं. कल्पना उत्तम. मी थट्टा करतोय असं वाटू देऊ नका, हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं.

उदाहरण टॅफेनोक्विनचं घ्या. व्हायवॅक्स मलेरिया यकृतात दडी मारून बसतो आणि पाहुण्यासारखा परत परत येतो. त्याला हुसकायला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. चौदा दिवस! तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, चौथ्या दिवशी माणूस रोवणीला जातो, उरलेल्या गोळ्या देवळीत राहतात. टॅफेनोक्विन एकाच मात्रेत काम करतं. हे रसायन अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत १९७८ साली सापडलं होतं. औषध म्हणून मान्यता मिळाली २०१८ साली, जीएसके कंपनी आणि जिनिव्हाची ही संस्था एकत्र आल्यावर. मधली चाळीस वर्षं ते काय करत होतं? वाट बघत होतं. आपल्यासारखंच. आणि आल्यावरही अट घेऊन आलं : जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्या रक्तात कमी आहे त्यांना दिलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आधी तपासणी. ही कमतरता मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये चांगलीच आढळते. म्हणजे मात्रा एक, पण तिच्याआधी यंत्र, यंत्राला किट, किटला फ्रीज आणि फ्रीजला वीज. जिनिव्हात हा शेवटचा शब्द कुणाला सुचत नाही.

दुसरं उदाहरण घरचं. आर्टेरोलेन नावाच्या रेणूवर रॅनबॅक्सी आणि याच जिनिव्हाच्या संस्थेनं २००३ पासून एकत्र काम केलं. २००७ मध्ये संस्था बाहेर पडली. रुग्णाच्या रक्तात औषध पुरेसं टिकत नाही असं तिचं म्हणणं. रॅनबॅक्सीनं भारत सरकारच्या मदतीनं काम पुढे रेटलं आणि २५ एप्रिल २०१२ ला, जागतिक मलेरिया दिनी, औषध बाजारात आणलं. भारताचं पहिलं स्वदेशी नवं औषध म्हणून ढोल वाजले. पुढं खुद्द रॅनबॅक्सीच सन फार्मानं विकत घेतली. भागीदार निघून जातो, भागीदार विकला जातो, रेणू तेवढा राहतो. आमच्याकडे वरात परतली की नवरीकडचे लोक मांडवात बसून राहतात, तसा.

तिसरं उदाहरण लशीचं, आणि इथं मी स्वतःलाच थांबवतो. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांची आर-२१ ही मलेरियाची लस ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली. दोन ते चार डॉलरची मात्रा. पुण्यात बनते आणि आफ्रिकेत जाते. इथं वाक्य तयारच होतं : पुण्याहून आफ्रिका जवळ, गोंदिया लांब. पण ते खोटं पडेल. ही लस फाल्सिपॅरम प्रकारच्या मलेरियासाठी आहे, मलेरियानं बालकं पटापट दगावतात त्या देशांसाठी आहे आणि व्हायवॅक्सला ती विचारत नाही. आफ्रिकेतल्या मुलांना ती आधी मिळाली यात अन्याय नाही, शहाणपण आहे. टोमणा वाया गेला याचं दुःख मात्र खरं.

मग आमच्या उपयोगाची भागीदारी कुठे आहे? आहे. फार लांब नाही. गोंदिया स्टेशनवरून बालाघाट-जबलपूरची गाडी पकडा. ही ती जुनी छोटी लाइन. लोक डब्यातून उतरून, शेंगा विकत घेऊन, पुन्हा चालत्या गाडीत चढायचे. आता ती ब्रॉडगेज झाली आणि शेंगा महागल्या. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर नैनपूर लागतं. ते मंडला जिल्ह्यात येतं. या मंडल्यात २०१७ पासून एक प्रयोग झाला. आयसीएमआर, मध्य प्रदेश सरकार आणि सन फार्मानं उभी केलेली एक संस्था अशी तिघांची भागीदारी. १,२३३ गावं, अकरा लाखांवर माणसं. तीन वर्षांत स्थानिक मलेरिया ९१ टक्क्यांनी खाली आला.

या आकड्याच्या मागे कोणतं जादूचं औषध होतं म्हणून मी शोधत गेलो. काहीच नव्हतं! चाचणी तीच, गोळी तीच, मच्छरदाणी तीच, फवारणीचं औषध तेच. नवं काय होतं? गावागावात फिरणारी पगारी माणसं. तापाचा माणूस शोधायचा, बोट टोचायचं, गोळी समोर द्यायची, पुन्हा जाऊन बघायचं आणि जे घडलं ते लिहायचं. फवारणीवाला आला होता का, भिंतीवर खरंच फवारलं की अंगणातच पंप रिकामा केला, मच्छरदाणी माणसावर आहे की मासे धरायला गेलीय, याचाही हिशोब. कंपनीनं इथं काय दिलं? माझ्या मते पैशापेक्षा मोठी गोष्ट दिली : गिरणीतल्या मुकादमाची नजर. आरोग्य खात्याकडे माणसं असतात, गोळ्या असतात, तक्ते तर ढिगानं असतात. फक्त तक्त्यातला माणूस आणि गावातला माणूस एकच आहे का, हे बघायला कुणी जात नाही. देशातलं मोठं संशोधन कधीकधी एवढंच असतं, की वहीत खरं लिहायचं.

आणि मग? मग बालाघाट लागतं, त्यानंतर गोंदिया, आणि मधे राज्याची हद्द. करारात मध्य प्रदेश सरकार होतं; डासांनी सही केली नव्हती. हद्दीच्या इकडे हे काम आशाताई करते. ती गर्भवतींची यादी ठेवते, लसीकरणाला बाया-पोरं गोळा करते, क्षयरोग्याच्या गोळ्या बघते, सिकलसेलच्या तपासणीला माणसं आणते, आणि वेळ उरला तर तापाचे रुग्ण शोधते. मोबदल्यातला काही भाग कामागणिक, म्हणजे तुकड्या-तुकड्यानं. मंडल्यात जे काम एका पूर्ण माणसाचं होतं, ते इथं आशाताईच्या संध्याकाळच्या सव्वा तासाचं आहे. त्यातला पाऊण तास मोबाइलमध्ये फोटो अपलोड होत नाही यात जातो.

एकदा मी एका आशाताईला विचारलं, मंडल्यासारखी भागीदारी इकडे आली तर काय व्हावं? तिनं क्षणभर विचार केला. म्हणाली, “भाऊ, रजिस्टर एकच असावं.”

नवनिर्मितीची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही परिषदेत ऐकली नाही.

आमच्याकडे अशी भागीदारी सहसा का येत नाही, त्याचंही कारण आहे. देशातल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद घेतले. गोंदिया नाही. आम्ही इतके मागास नाही की यादीत यावं, आणि इतके पुढारलेले नाही की यादी लागू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यात नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर, आणि कंपनी जिथं आहे त्या परिसराला प्राधान्य, असं लिहिलंय. वाचायला छान वाटतं. पण मोठ्या कंपन्यांची ऑफिसं मुंबईत, त्यांचा ‘परिसर’ही मुंबईत. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे ते सोडलं तर आमच्याकडे गिरण्या. आणि गिरणीवाल्याचे दोन टक्के गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकातच संपतात.

आता जरा पुण्याकडे, कारण एक खरोखर चांगला करार तिथं झालाय आणि तो सांगितल्याशिवाय माझी तक्रार पुरी होत नाही. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला मेंदुज्वराची साथ दर काही वर्षांनी यायची. लस बनवता येत होती, पण मोठ्या कंपन्यांना त्यात पैसा दिसेना. २००१ साली गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले. पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना कामाला लागल्या. त्यांनी काय केलं? लस कशी बनवायची याच्या आधी त्या देशांना विचारलं, तुम्हाला परवडेल काय? उत्तर आलं, अर्ध्या डॉलरच्या आत. मग तो आकडा घेऊन ते गिरणी शोधत फिरले. बड्या कंपन्या नको म्हणाल्या. पुण्याची सीरम हो म्हणाली. तंत्र अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेतून आलं, लस पुण्यात बनली आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये पहिल्या मोहिमेत टोचली गेली. पन्नास सेंटच्या आत. पुढच्या काही वर्षांत वीस कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली आणि ही लस ज्या प्रकारच्या मेंदुज्वरावर होती त्याची साथ जवळपास नाहीशी झाली.

बघा, आधी ६७ ठरले, मग धान गिरणीत गेलं. गिरणीही बुडाली नाही.

आणि आता रक्त. सिकलसेलबद्दल पूर्व विदर्भात कुणाला शिकवायचं नाही. आमच्याकडे लग्न जमवताना पत्रिकेबरोबर ‘पॅटर्न’ विचारतात. “मुलगा एएस आहे का गा?” एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे ग्रस्त. आदिवासींत आहे, दलितांत आहे, ओबीसींत आहे. इतका समतावादी आजार दुसरा नाही. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीच्या आदिवासींमधली. राष्ट्रीय निर्मूलन मिशन सुरू झालं १ जुलै २०२३ रोजी, शहडोलला. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. ओळख पटली आणि मिशन निघालं यात एकाहत्तर वर्षं गेली. वाट बघण्याच्या बाबतीत टॅफेनोक्विनलाही आम्ही मागे टाकलं.

दरम्यान जग कुठे गेलं? २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर तंत्रानं जनुकात बदल करणारा सिकलसेलचा उपचार मान्य झाला. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. तेव्हाच्या दरानं अठरा कोटींच्या वर. आमच्या मापात सांगतो : साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. एका रुग्णाला बरं करायला सुमारे ७७ हजार क्विंटल धान. हे गणित मी एका गिरणीवाल्या मित्राला ऐकवलं. त्यानं आधी विचारलं, “बारदाना कोणाचा?”

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली आणि ती चांगली बातमी आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संस्थेनं देशी क्रिस्पर उपचार विकसित केला, नाव ‘बिरसा १०१’. बनवण्यासाठी तंत्र पुण्याच्या सीरमला. उद्देश जाहीर आहे : परदेशातल्या किमतीच्या तुलनेत फार स्वस्त. हे होऊ शकतं यावर माझा विश्वास आहे. रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशींची उपचारपद्धती आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि त्यातूनच निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीनं मिळून आणली, एप्रिल २०२४ मध्ये तिचं लोकार्पण झालं आणि परदेशात तीन-चार कोटींना मिळणारी गोष्ट तीस-चाळीस लाखांवर आली. एक दशांश. टाळ्या मीही वाजवल्या. नंतर हिशोब केला : तीस लाख म्हणजे बाराशे क्विंटलच्या वर धान. तेही पाच एकरवाल्यानं कुठून आणायचं, हा वेगळा प्रश्न.

म्हणून ‘बिरसा १०१’बद्दल माझी शंका नाही, उत्सुकता आहे. करारात आकडा आहे का? नाव बिरसांचं दिलं, छान केलं. ‘आमचा देश आमचं राज्य’ म्हणणाऱ्या माणसाचं नाव देताना कुणाला तरी हिशोबाची आठवण झाली असेल अशी आशा आहे.

कारण धान कोणाचं आहे, ते बघा. सिकलसेलच्या कोणत्याही संशोधनाला रक्त लागतं. ते दिल्ली-पुण्यात पिकत नाही. ते सालेकसा-देवरीसारख्या भागांत पिकतं, आश्रमशाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या पोरांच्या बोटांतून. मिशननं सहा कोटींच्या वर माणसं तपासली. ही एका आनुवंशिक आजाराची भली मोठी वही. तांदूळ म्हणजे उपचार. तो यायचा तेव्हा येईल. पण कोंडा आजच निघायला लागलाय : नमुने, माहितीसाठे, शोधनिबंध, पेटंट. आणि कोंड्यात तेल किती असतं, हे आम्हाला गिरणीनं शिकवलंय.

इथं कायद्याची एक मौज सांगतो. नागझिऱ्याच्या रानातून एखाद्या कंपनीनं औषधासाठी बेहडा किंवा सफेद मुसळी नेली, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानं तिला लाभात वाटा द्यावा लागतो. २०१४ च्या नियमांत विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के असा दरही ठरवून दिला होता. थोडा होता, पण होता. मात्र त्याच कायद्याच्या व्याख्येत एक अपवाद आहे : मानवी जनुकीय सामग्री यात धरू नये. म्हणजे बेहड्याच्या झाडाचा हिस्सा आहे, झाडाखाली उभ्या माणसाच्या रक्ताचा नाही. माणसाला वस्तू समजू नये, हा त्यामागचा हेतू उदात्त असेल. परिणाम असा, की वस्तूला जे मिळतं तेही माणसाला मिळत नाही.

आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत लाभ-वाटणीचा उल्लेख आहे. २०१९ च्या चाचणी नियमांत, दुसरा इलाज नसेल तर चाचणीत भाग घेतलेल्याला पुढेही औषध मिळावं अशी तरतूद आहे. त्याला, त्याच्या गावाला नाही. आणि मार्गदर्शक तत्त्वांचं वजन ट्रकच्या मागे लिहिलेल्या ‘हॉर्न ओके प्लीज’इतकं असतं. सगळे वाचतात.

या सगळ्यात मला कंपनीचा राग नाही. कंपनी नफ्यासाठी असते, गिरणी भरडायला असते. गिरणीनं कीर्तन करावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. सरकारचाही फार राग नाही, ते निदान भांडवल घालतं. राग आहे तो टेबलाच्या आकाराचा. दोनच खुर्च्या मांडायच्या अशी रीत पडलीय. तिसरा, ज्याचा ताप, ज्याचं रक्त, ज्याचं रान आणि ज्याची माकडं, त्याला ‘लाभार्थी’ म्हणायचं. भागीदाराला लाभार्थी म्हटलं की हिस्सा मागायची सोय उरत नाही, फक्त आभार मानायची उरते.

तेव्हा गेल्या रविवारी बसून मी एक कलम लिहून काढलं. साधंच. गोंदिया जिल्ह्यातून संशोधनासाठी घेतलेल्या दर शंभर नमुन्यांमागे, उपचार तयार झाल्यावर इतक्या मात्रा याच जिल्ह्यात, आधी ठरलेल्या दरानं. नमुन्यांच्या माहितीतून पेटंट निघालं, तर विक्रीचा इतका टक्का इथल्या आरोग्य केंद्रांना. गावात जाऊन काम करणाऱ्या आशाताईला पूर्ण पगार, आणि रजिस्टर एकच. आकड्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या. सुरुवातीला ६७ मागावे आणि घासाघीस करत खाली यावं, असा बेत होता.

मसुदा नागपूरच्या एका वकील मित्राला दाखवला. असे करार तो रोज तपासतो. त्यानं चष्मा वर करून दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, आशाताईचं वाक्य ‘अन्य बाबी’त टाकलं.

“बाकी चालेल,” म्हणाला. “फक्त ते ‘गोंदिया’ काढ. तिथं ‘फील्ड साइट’ लिहितात.”